गाण्यांचा ढीग मूड आणि प्रकारानुसार कसा लावायचा? बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या भागातल्या घरात गाणी एका भाषेची नसतात. आजोबांची नाट्यगीतं, आईचे अभंग, शेजारच्या काकांनी पेनड्राइव्हवर घालून दिलेली दासरपदं (कन्नड संतांची भक्तिपदं), मुलांची हिंदी गाणी, भजनी मंडळाचं मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग, सगळं एकाच हार्ड डिस्कवर येऊन पडलेलं असतं. इंग्रजी गाण्यांसाठी लिहिलेल्या सूचना इथे अर्ध्यावरच थांबतात, म्हणून ही प्रश्नोत्तरं.

फोल्डर करून ठेवलेत की, मग टॅग कशाला?

फोल्डरमध्ये गाणं एकाच ठिकाणी बसतं. भीमसेन जोशींनी गायलेलं पुरंदरदासांचं पद घ्या. ते ‘कन्नड’मध्ये टाकायचं, ‘भीमसेन’मध्ये, ‘भक्ती’त की ‘सकाळची गाणी’मध्ये? चार ठिकाणी कॉपी केलंत तर जागा चौपट जाते आणि एका प्रतीचं नाव दुरुस्त केलं तरी उरलेल्या तीन तशाच राहतात. टॅगचं तसं नाही. टॅग म्हणजे गाण्याच्या फाइलला जोडलेली माहितीची चिठ्ठी. फाइल एकच, पण चारही बाजूंनी शोधली की सापडते. फोल्डर मोडायची गरज नाही, ते राहू द्या. फक्त शोधण्याचं काम टॅगवर सोपवा.

हे टॅग असतात तरी कुठे?

गाण्याच्या फाइलच्या आतच. एमपीथ्रीमध्ये या व्यवस्थेला आयडीथ्री म्हणतात. १९९६ साली ती आली तेव्हा फाइलच्या शेवटी फक्त १२८ बाइट जागा होती. नाव ३० अक्षरं, गायक ३०, अल्बम ३०, आणि प्रकारासाठी म्हणजे जॉनरसाठी एकच आकडा. जुन्या फायलींत लांब नावं मध्येच तुटलेली दिसतात ती यामुळे. त्या आकड्यांच्या मूळ यादीत ८० प्रकार होते. पोल्का होता, ग्रंज होता, अभंग किंवा नाट्यगीत अर्थातच नव्हतं. शून्य हा आकडा ‘ब्लूज’चा होता. ज्या सॉफ्टवेअरने ती जागा न भरता शून्यच ठेवलं, त्याच्या फायली आजही ब्लूज म्हणून दिसतात. तुमच्या काकड आरतीवर ‘ब्लूज’ लिहिलेलं आढळलं तर दचकू नका, कोणी विचार करून ते लिहिलेलं नाही.

१९९८ पासूनच्या दुसऱ्या आवृत्तीत ही अडचण गेली. आता जॉनरमध्ये तुम्हाला हवा तो शब्द देवनागरीत लिहिता येतो. फ्लॅक (दर्जा न घटवता आवाज साठवणाऱ्या) फायलींची टॅगपद्धत वेगळी आहे, पण वापरणाऱ्याला फरक जाणवत नाही.

जॉनरमध्ये काय लिहायचं आणि मूडमध्ये काय?

सगळा घोळ इथेच होतो. जॉनर गाण्याच्या घडणीवरून ठरतं, मूड ऐकणाऱ्यावरून. अभंग हा कोणी, कुठे, कधीही लावला तरी अभंगच. पण तोच अभंग एका घरात पहाटेचा असतो, दुसऱ्या घरात कुणीतरी गेल्यानंतरच्या दिवसांचा. म्हणून जॉनरच्या रकान्यात ‘शांत’, ‘छान’, ‘आईला आवडणारी’ असलं काही लिहू नका, आणि मूडच्या रकान्यात ‘लावणी’ लिहू नका. दोन्ही एकत्र झाले की सहा महिन्यांनी यादी उघडल्यावर आपलाच आपल्याला पत्ता लागत नाही.

जॉनरसाठी आपल्याकडे तयार शब्दांची कमतरता नाही: अभंग, गवळण, भारूड, भूपाळी, आरती, ओवी, पाळणा, पोवाडा, लावणी, गोंधळ, जोगवा, भावगीत, नाट्यगीत, चित्रपटगीत, ख्याल, ठुमरी. कन्नडमध्ये वचन (बसवण्णांसारख्या शरणांच्या रचना), दासरपद, भावगीत, जानपद (लोकगीत), गीगी पद (हाही लोकगीताचाच प्रकार). ‘इंडियन’ किंवा ‘वर्ल्ड’ असले शब्द टाकू नका, त्याखाली तुमची सगळीच गाणी येतात आणि टॅग असून नसल्यासारखा होतो. ‘भक्तिगीत’ हा शब्दही जपून वापरा. अभंग, वचन, आरती, कव्वाली सगळं त्यात मावतं. ज्याला दुसरं नाव बसत नाही त्यालाच तो ठेवावा.

मूडची यादी किती मोठी असावी?

आठ-दहा शब्द. त्याहून जास्त झाले की आपण ते वापरत नाही, फक्त लिहितो.

मानसशास्त्रात जेम्स रसेल यांनी १९८० मध्ये भावनांचा एक नकाशा मांडला. आडव्या रेषेवर सुखद ते दुःखद, उभ्या रेषेवर शांत ते चेतवलेलं. संगणकावर संगीताचा मूड ओळखण्याचं बरंचसं काम याच नकाशाच्या आधाराने चालतं. सुरुवातीला तो कामाला येतो, कारण चार कोपरे मिळतात: जोशाचं, निवांत, उदास, आणि चिडीचं-आवेशाचं. पण आपल्या गाण्यांना तो पुरत नाही. विठ्ठलाला आळवणारा विराणीचा अभंग उदास म्हणायचा की निवांत? दोन्ही नाही. त्याला ‘आर्त’ म्हणावं लागतं. गौळणीतल्या लाडिक तक्रारीला ‘खट्याळ’ म्हणावं लागतं. हे कोपरे आपले आपणच जोडायचे.

शब्द निवडताना एक साधी कसोटी लावा. घरात कोणी तो शब्द वापरून गाणं मागेल का? ‘काहीतरी निवांत लाव’ असं कुणीही म्हणतं. ‘चिंतनशील लाव’ असं कोणी म्हणत नाही. न म्हटला जाणारा शब्द यादीतून काढून टाका, कितीही छान दिसत असला तरी. मला पटलेली यादी अशी: पहाट, निवांत, आर्त, जोश, खट्याळ, उदास, कामात लावायची, झोपायच्या आधी. यातले तीन शब्द भावनेचे नाहीत, वेळेचे आहेत, हे मान्य. चालतं. ज्याने गाणं सापडतं तो टॅग बरोबर.

एका गाण्याला दोन मूड द्यायला हरकत नाही. तीन द्यायची वेळ आली तर त्यातला एक बहुधा प्रसंग असतो, मूड नसतो.

प्रसंग वेगळा ठेवायचा का?

हो, आणि आपल्याकडे तर नक्कीच. गणपती, नवरात्र, शिवजयंतीची मिरवणूक, आषाढी, सौंदत्तीची यात्रा, लग्न, बारसं. म्युझिकबी या सॉफ्टवेअरमध्ये मूड आणि प्रसंग असे दोन स्वतंत्र रकाने आयतेच मिळतात. पोवाड्याचा मूड ‘जोश’, प्रसंग ‘शिवजयंती’. एरवीही जोश हवा असेल तर तो सापडतो, आणि मिरवणुकीच्या आदल्या रात्री मंडळाच्या पोरांना पेनड्राइव्ह भरून द्यायचा असेल तर एका क्लिकमध्ये यादी तयार असते.

मराठी, कन्नड, हिंदी, कोकणी मिसळलंय. भाषा जॉनरमध्ये लिहू का?

नको. ‘कन्नड’ हा गाण्याचा प्रकार नव्हे. भाषेसाठी आयडीथ्रीमध्ये स्वतंत्र रकाना आहे, तो भरा. सॉफ्टवेअर तो दाखवत नसेल तर ‘ग्रुपिंग’ नावाचा रकाना त्यासाठी वापरा. एकदा ठरवलं की तेच पाळा.

भाषा बाजूला काढली की लायब्ररी सीमाभागासारखी वागायला लागते. मल्लिकार्जुन मन्सूर यांनी गायलेलं वचन आणि भीमसेनांचा अभंग ‘आर्त’ म्हटल्यावर शेजारी शेजारी येतात. लावणी मराठीत आहे तशी कन्नडमध्येही आहे. यल्लम्माच्या नावाने चौंडक्यावर गायली जाणारी पदं सौंदत्तीच्या डोंगरावर दोन्ही भाषांत ऐकू येतात. ही गाणी भाषेच्या फोल्डरांत अडकवून ठेवली तर एकमेकांना कधी भेटतच नाहीत. उलट, आजीला फक्त मराठी ऐकायचं असेल तेव्हा भाषेचा रकाना आहेच.

गाण्याचं नाव देवनागरीत लिहू, कन्नड लिपीत की रोमनमध्ये?

शोधणार कोण, यावर ठरवा. घरातले मोठे देवनागरी वाचतात, मुलं कन्नड शाळेत शिकलेली आहेत, आणि मोबाइलवर टाइप करताना सगळेच रोमनकडे वळतात, असं चित्र बऱ्याच घरांत आहे. माझं मत: नावाच्या रकान्यात देवनागरी, मग गाणं कुठल्याही भाषेचं असो, कॉमेंटच्या रकान्यात त्याच नावाचं रोमन स्पेलिंग. कन्नड लिपी हवीच असेल तर तीही कॉमेंटमध्येच जोडा. शोध कॉमेंटमध्येही घेता येईल असं सॉफ्टवेअर मात्र निवडा.

एकाच गायकाची चार नावं दिसतात.

‘मल्लिकार्जुन मन्सूर’, ‘मल्लिकार्जुन मन्सुर’, ‘पं. मल्लिकार्जुन मन्सूर’, ‘मन्सूर मल्लिकार्जुन’. यंत्राला हे चार वेगळे गवई वाटतात. पंडित, उस्ताद, विदुषी, बुवा या पदव्या टॅगमधून सरळ काढा. त्यात अनादर नाही, यादी अक्षरानुसार लागते एवढंच. नाहीतर निम्मं शास्त्रीय संगीत ‘प’ खाली गोळा होतं. टॅगिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फायली एकदम निवडून नाव एकदाच लिहिता येतं. हे काम मूडच्या आधी करा.

नाट्यगीतांत आणखी एक गोष्ट पाहा. गायक ‘आर्टिस्ट’मध्ये, संगीतकार ‘कंपोझर’मध्ये, नाटकाचं नाव ‘अल्बम’मध्ये. ‘संगीत शाकुंतल’चं पद वीस जणांनी गायलेलं असलं तरी अल्बमच्या नावाने ती सगळी एकत्र येतात. १८८० साली हे नाटक रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, तेव्हा हा अल्बम तरी नीट लागलेला असावा.

नाव बरोबर टाइप करूनही गाणं सापडत नाही, असं का?

बहुतेक वेळा ‘ॲ’मुळे. हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर साठवण्याच्या पद्धतीत, दोन तऱ्हेने लिहिता येतं: एकसंध ‘ॲ’, किंवा आधी ‘अ’ आणि मग वर चंद्र. डोळ्याला दोन्ही सारखी, यंत्राला वेगळी. हिंदी-उर्दू गाण्यांत नुक्त्याचाही, म्हणजे अक्षराखालच्या टिंबाचाही, असाच त्रास होतो: एका गझलेत नुक्ता आहे, दुसऱ्या गझलेत नाही. नुक्ते टॅगमध्ये देऊच नका, आणि ‘ॲ’ कायम एकाच कीबोर्डने लिहा. जुन्या टॅगमध्ये शोधा-आणि-बदला करून एकदा सारखेपणा आणला की पुढे कटकट राहत नाही.

टॅगच्या जागी चौकोन किंवा भलतीच अक्षरं दिसतात.

कारणं दोन असतात. एक, टॅग देवनागरीतच आहे पण तो कुठल्या पद्धतीने साठवलाय हे सॉफ्टवेअरला कळत नाही. अशा वेळी टॅगिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आयडीथ्रीची २.३ आवृत्ती आणि युटीएफ-१६ ही अक्षरं साठवण्याची पद्धत निवडून सगळे टॅग पुन्हा सेव्ह केले तर पुढे ते जवळपास सगळीकडे दिसतात. दोन, दहा-पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून ते तसंच चिकटवलंय. ती अक्षरं मुळात रोमनच आहेत, फॉन्टमुळे मराठी दिसायची. ती फॉन्ट बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढून पुन्हा चिकटवावी लागतात. थोडीच असतील तर सरळ नवीन टाइप करा, लवकर होतं.

सॉफ्टवेअर कुठलं?

विंडोजवर टॅग लिहायला एमपीथ्रीटॅग आणि ऐकायला म्युझिकबी, दोन्ही फुकट. लिनक्सवर किडथ्री. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड आवाजाच्या ठशावरून गाणं ओळखून टॅग आपोआप भरतं. हिंदी चित्रपटगीतांना ते चांगलं चालतं, पण कन्नड जानपदांच्या किंवा गावच्या भजनी मंडळाच्या फायली त्याच्याकडून ओळखल्या जातील अशी आशा धरू नका. आणि त्याने भरलेलं जॉनर जसंच्या तसं स्वीकारू नका, आपल्या यादीत बसवून घ्या.

फाइलच्या नावातच गायक आणि गाणं लिहिलेलं असेल तर एमपीथ्रीटॅग त्यावरून टॅग भरून देतं. शेकडो फायलींचं काम चुटकीसरशी होतं. आधी चार फायलींवर करून बघा.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या गाण्यांचं काय करायचं?

त्यांची नावं ‘एयूडी’, मग तारीख, मग ‘डब्ल्यूए’ आणि क्रमांक अशी असतात. त्यातली तारीख तुमच्याकडे फाइल आली त्या दिवसाची आहे, गाणं कधीचं आहे त्याची नव्हे. म्हणून वर्षाच्या रकान्यात ती भरू नका. ही गाणी एका ‘न लावलेली’ फोल्डरमध्ये टाकत जा आणि ऐकतानाच नाव द्या. न ऐकता त्यांना मूड देता येत नाही, आणि ऐकल्यावर त्यातली निम्मी पुसावीशी वाटतात.

घरात कॅसेटी आहेत. धारवाड आणि सांगली आकाशवाणीवरून भरून घेतलेल्या.

आधी या वाचवा, टॅग नंतर. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या किंवा लाइन-आउटच्या भोकातून कॉम्प्युटरच्या लाइन-इनला केबल जोडा आणि ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करा. सीडीच्या दर्जाला एका मिनिटाला साधारण १० एमबी लागतात, म्हणजे ६० मिनिटांची कॅसेट ६०० एमबीच्या आसपास. वेव्ह या न दाबलेल्या फाइलप्रकारात टॅग धड टिकत नाहीत, म्हणून फ्लॅकमध्ये साठवा. आवाज तोच राहतो, जागा बरीच कमी लागते. मोबाइलसाठी त्यावरून एमपीथ्री काढा.

खरखर काढताना सांभाळा. ऑडॅसिटीला ‘ही खरखर, ही काढ’ असा नमुना द्यावा लागतो. तो नमुना मैफलीच्या सुरुवातीचा घेतलात तर तिथे तानपुरा चालू असतो, आणि सॉफ्टवेअर खरखरीबरोबर तानपुराही खाऊन टाकतं. ख्याल उघडा पडतो. नमुना तानपुरा सुरू होण्याआधीच्या कोऱ्या फितीचा घ्या, आणि थोडी खरखर राहिली तर राहू द्या.

कॅसेटच्या कव्हरावर वडिलांनी पेनाने लिहिलेलं असेल त्याचा फोटो काढून अल्बमचं चित्र म्हणून जोडा. तारीख, केंद्र, निवेदकाने सांगितलेली माहिती कॉमेंटमध्ये लिहा. निवेदन कापायचं असेल तर कापा, पण मूळ अखंड फाइल एक ठेवाच.

राग आणि घराणं यांचेही टॅग करू का?

शास्त्रीय संगीत मनापासून ऐकत असाल तर कराच. ‘राग’ नावाचा स्वतंत्र रकाना तयार करता येतो. यमन शोधलं की ख्याल, नाट्यगीत आणि भावगीत एकत्र समोर येतात, आणि यासारखं शिक्षण दुसऱ्या कशात नाही. राग खात्रीने माहीत असेल तरच भरा. चुकीच्या रागापेक्षा रिकामा रकाना परवडला. पहाट, दुपार, रात्र हे टॅग रागाच्या वेळेवरून द्यायचे की आपल्या सवयीवरून, यात मी सवयीच्या बाजूने आहे. मालकंस रात्रीचा खरा, पण तुम्ही तो रविवारी सकाळी अंगणात बसून ऐकत असाल तर मूड सकाळचाच.

घराण्याचं तितकं सोपं नाही. गंगूबाई हनगल, बसवराज राजगुरू, भीमसेन किराण्याचे आणि मन्सूर जयपूर-अत्रौलीचे, इथवर ठीक. कुमार गंधर्वांना कुठे बसवणार? जन्म १९२४ चा, बेळगावजवळच्या सुळेभावीतला. शिकले मुंबईत देवधरांकडे, राहिले देवासला, आणि गाणं स्वतःचंच. तिथे घराणं रिकामं सोडा.

सॉफ्टवेअरने मूड आपोआप ओळखला तर?

काही सॉफ्टवेअर लयीवरून आणि आवाजाच्या भरीवपणावरून अंदाज बांधतात. ठेक्याच्या गाण्यांना तो बरा बसतो. पण लय मोजताना दुप्पट किंवा निम्मी मोजली जाणं नेहमीचं आहे, आणि विलंबित एकतालापुढे तर यंत्र हातच टेकतं, कारण एकेक मात्रा काही सेकंदांची असते. टाळ-मृदंगाचा गजर बऱ्याचदा ‘पार्टी’मध्ये जातो. तसा तो फार चुकत नाही म्हणा.

मोबाइलवर मूडचा रकानाच दिसत नाही.

बऱ्याच ॲपमध्ये गायक, अल्बम, जॉनर आणि फोल्डर एवढंच दिसतं. म्हणून कॉम्प्युटरवर मूडनुसार आपोआप बनणाऱ्या प्लेलिस्ट तयार करा आणि त्या गाण्यांसकट मोबाइलवर टाका. अँड्रॉइडवर म्युझिकोलेट इंटरनेटशिवाय चालतं, त्यात जाहिराती नाहीत, आणि टॅगही बदलता येतात.

गाडीत?

गाडीच्या जुन्या टेपला देवनागरी वाचता येत नाही, चौकोन दाखवतो. गाडीसाठी वेगळा पेनड्राइव्ह करा: फॉरमॅट करताना फॅट३२ हा पर्याय, फोल्डरांची नावं रोमनमध्ये आणि मूडनुसार, फायलींना पुढे ००१, ००२ असे क्रमांक. कित्येक टेप फायली नावाच्या क्रमाने न वाजवता कॉपी केलेल्या क्रमाने वाजवतात, म्हणून सगळ्या एकदम ओढून न टाकता क्रमाने कॉपी करा. निपाणीहून कोल्हापूरला जाताना हायवेवर टॅग शोधत बसायचं नसतं, तिथे फोल्डरच बरा.

ऑनलाइन ॲपवरच्या गाण्यांना टॅग लावता येतील का?

नाही. तिथे फक्त प्लेलिस्ट करता येते.

आमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग आहे, ते कसं लावू?

आर्टिस्टमध्ये मंडळाचं नाव आणि गाव. गावांची नावं दोन जिल्ह्यांत सारखी असतात, म्हणून तालुकाही लिहा. बुवा, मृदंगवाला, पेटीवाला यांची नावं कॉमेंटमध्ये, तारीख तिथीसकट. अभंग कोणाचा ते गीतकाराच्या रकान्यात: तुकाराम, नामदेव, जनाबाई. नाममुद्रेवरून ते बहुतेक वेळा कळतंच. रेकॉर्डिंग बाहेर कुणाला द्यायचं असेल तर मंडळाला विचारून द्या.

ही गाणी दुसऱ्यांना कॉपी करून दिली तर चालतं का?

स्वतःच्या कॅसेटची स्वतःसाठी प्रत करणं वेगळं आणि वाटणं वेगळं. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रकाशित झालेल्या वर्षाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. त्यातल्या शब्दांचा आणि चालीचा हक्क वेगळा, तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. म्हणजे संतांचे शब्द मोकळे असले तरी त्यांना दिलेली चाल मोकळी असेलच असं नाही.

हार्ड डिस्क बिघडली तर टॅग जातात का?

फाइल गेली तर टॅगही गेला, म्हणून दुसऱ्या डिस्कवर प्रत हवीच, आणि ती डिस्क दुसऱ्या घरात असेल तर उत्तम. फाइल वाचली तर टॅग तिच्यासोबतच असतो. पण प्लेलिस्ट, दिलेले तारे आणि ‘किती वेळा ऐकलं’ हे आकडे बहुतेक वेळा सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या वहीत असतात, फाइलमध्ये नाही. ती वही वेगळी बॅकअप करावी लागते. प्लेलिस्टमध्ये गाण्याचा पत्ता लिहिलेला असतो, त्यामुळे मुख्य फोल्डरचं नाव बदललं की ती रिकामी दिसते. नाव पूर्ववत करा, गाणी परत येतात.